कंदीलवाल्याचा चौथा भाग

तेजरामच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त व्हायला वेळ लागायचा, पण मतं मात्र हातोहात मिळायची. बालाघाटच्या बस स्टँडमागे त्याचं ते बोळासारखं अरुंद दुकान. एखादं गिऱ्हाईक बंद पडलेला लॅपटॉप घेऊन यायचं, तो सुरू झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात एखाद्या खेळाचं चित्र दिसायचं, आणि मग संपलंच. तेजराम हातातला पेचकस खाली ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचा, "खेळता काय हा? कोणता भाग?" गिऱ्हाइकाने "तिसरा" किंवा "पाचवा" असं सांगितलं, की लग्नात जेवायला बोलावून समोर शिळा भात वाढल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा.

बंदुकांचे खेळ त्याला वर्ज्य होते, क्रिकेटचेही. तो खेळायचा ते रोल-प्लेइंगवाले. त्यात आपण कुणीतरी एक माणूस व्हायचं, साथीदार जमवायचे, गावोगाव हिंडायचं, लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि हळूहळू कशाच्या तरी लायक व्हायचं. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता. बायको म्हणायची, खेळात सगळ्या गावाची गाऱ्हाणी ऐकता, घरची एक ऐकत नाही. त्यावर त्याच्याकडे मत नव्हतं.

शेजारच्या चहाच्या टपरीवाल्या नथ्थूने आयुष्यात कुठल्याही खेळाला बोट लावलं नव्हतं. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून तो या विषयात परीक्षेला बसला असता तर पास झाला असता.

"पाह्य नथ्थूभाऊ," तेजराम सांगायचा, "पह्यला भाग येडे लोकं बनवते. त्याईले फायद्याचं भान नसते. दुसरा भाग बनवते दुकानदार. अन् तिसरा बनवते असा माणूस, ज्यानं पह्यला खेळलाच नाई."

"मंग लोकं घेते काहून?"

"आस लागते ना बावा. नाव तेच, गाव तेच. आत जाऊन पाह्यलं तं गाव मोठं झालं अन् माणसं मुकी झाली. जिथं तिथं बाण. इकडं जा, तिकडं वळ. अबे, मले रस्ता चुकू तं दे! रस्ता चुकल्याशिवाय गाव आपलं होते काय?"

असं तासभर चालायचं. पुढच्या भागांवर त्याचा सगळ्यात मोठा राग असा, की ते कुणाला काही विचारत नाहीत. पहिल्या भागात तुम्ही ज्याला वाचवलं तो पुढच्या भागात मेलेला निघतो, ज्याला मारलं तो दाढी वाढवून समोर येतो. तुम्ही जागवलेल्या रात्री गेल्या उडत. पण एवढं बोलून झालं, चहा संपला, की तेजराम शेवटी नरम पडायचा आणि एक वाक्य हमखास म्हणायचा. "जाऊ दे. दुसरा भाग केवढाही नासका निंगो, पह्यल्याचं कोणी काही वाकडं करू शकत नाई. पह्यला तं राह्यतेच ना आपल्यापाशी. वाटलं तवा लावला, वाटलं तवा खेळलो." त्याच्या सगळ्या कडू मतांत हे एकच गोड होतं, आणि त्यावर त्याचा जीव होता.

ज्या पहिल्या भागाची तो शपथ घ्यायचा, त्या खेळाचं खरं नाव लँटर्नवेल. बालाघाटात त्याला सगळे कंदीलवाला म्हणत. तटबंदीचं एक जुनं शहर, त्यातले कंदील एकामागून एक विझत चाललेले, आणि ते तेवते ठेवायला निघालेला एक नवखा पोरगा. शहरात कंदील लावत फिरणारा एक म्हातारा होता. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून तो ओसवाल काका झाला. त्याची गालावर तीळ असलेली लहानगी नात पिंकी झाली. नागपूरहून आणलेल्या सीडीवर हा खेळ बालाघाटात उतरला, तेव्हा तेजराम कॉलेजात होता आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर लोकेश मेश्राम होता.

शेजारची खुर्ची म्हणजे एकाच कॉम्प्युटरपुढे ओढलेली दुसरी खुर्ची. सायबर कॅफेत दोन मशीन घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती. खेळ होता एकट्याने खेळायचा, यांनी तो दोघांत वाटून घेतला. कीबोर्ड तेजरामकडे, माउस लोकेशकडे. चालायचं, पळायचं, भिडायचं ते तेजरामने. बघायचं, बोलायचं, निवडायचं आणि लक्षात ठेवायचं ते लोकेशने. त्या खेळात नकाशा नव्हता. कुठली गल्ली कुठे फुटते, विहिरीमागच्या भिंतीत दार कुठे आहे, कोण काल काय म्हणालं, हे सगळं लोकेशच्या डोक्यात. "तेज्या, डावीकडं. आता विहिरीच्या मांगून," असं तो सांगायचा आणि तेजराम चालायचा. एकाचे पाय आणि दुसऱ्याचे डोळे. कित्येक महिने त्यांनी असाच एक माणूस चालवला.

खेळ मात्र त्यांनी कधी पुरा केला नाही. शहराच्या टोकाला शेवटचा दरवाजा होता. त्यात शिरलं की ओसवाल काका मरतो, असं कुणीतरी गोंदियाहून ऐकून आलं होतं. त्या दिवशी दोघे दरवाज्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग लोकेश म्हणाला, "नको बे. फिरू अजून." तिथून मागे वळले ते वळलेच. पुढे जेव्हा जेव्हा बसले तेव्हा शहरात नुसते हिंडले, काकाशी बोलले, पिंकीला फळं नेऊन दिली आणि दरवाज्याकडे पाठ करून घरी गेले. तेजरामने तो डाव त्याच मशीनमध्ये जपून ठेवला होता. कॅफे बंद पडला, त्याचं सामान भंगारात निघालं, तेव्हा त्याने तेवढं मशीन उचलून आणलं, जाड्या मॉनिटरसकट.

पुढे लोकेश लांजीकडे शाळेत मास्तर झाला. संघमित्राशी लग्न झालं, मुलगी झाली, समीक्षा. दोघांची दोस्ती टिकली, खेळणं मात्र राहून गेलं. दोन पावसाळ्यांमागे लांजीहून येताना त्याच्या मोटरसायकलपुढे रानडुक्कर आडवं आलं. हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. नागपूरला नेलं, डोक्याचं ऑपरेशन झालं, माणूस वाचला. चालत-बोलत घरी आला म्हणून वॉर्डातल्या बायकांनी संघमित्राच्या हातात पेढे ठेवले.

घरी आला तो कॉलेजातला लोकेश होता. मधली वीस वर्षं धुऊन गेली होती आणि नवं काही त्याच्या डोक्यात टिकत नव्हतं. सकाळी सांगितलेलं दुपारी पालथ्या घड्यावर पाणी. संघमित्राला तो "ताई" म्हणायचा. दहावीतल्या समीक्षाला विचारायचा, "बेटा, तू कोणाची?" आरशात बघायचं टाळायचा. आणि रोज, न चुकता, विचारायचा, "ताई, माय आली काय कटंगीवरून?" त्याची माय जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला संघमित्राने एकदा खरं सांगितलं, तेव्हा तो ढसाढसा रडला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच विचारलं. तेव्हापासून ती सांगायची, "उद्या येते." तो मान डोलवायचा, आणि त्याचा दिवस बरा जायचा.

तेजराम भेटायला गेला की लोकेश अदबीने उठून उभा राहायचा. "जयभीम भाऊ. मशीन पाह्यले आले काय?" असं, त्याच्या खिशातला पेचकस पाहून, विचारायचा आणि खुर्ची द्यायचा. टक्कल पडलेला, पोट सुटलेला हा माणूस आपला तेज्या आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. मग हळूच म्हणायचा, "आमचा एक दोस्त येनार हाय. तेजराम. अजून आला नाई." पहिल्यांदा हे ऐकून तेजराम बाहेर येऊन गटारीच्या कडेला बसला आणि रडला. चाळिशी उलटलेला माणूस, भर रस्त्यात.

त्या जाड्या मॉनिटरचं संघमित्राच्याच मनात आलं. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचं काही दाखवत जा. एका रविवारी सकाळी तेजरामने ते जुनं मशीन त्यांच्या समोरच्या खोलीत मांडलं, दोन खुर्च्या ओढल्या, कंदीलवाला लावला आणि स्वतः कीबोर्डपुढे बसला. माउससमोरची खुर्ची रिकामी ठेवली. लोकेश दारातून बघत राहिला. मग आला, बसला, माउसवर हात ठेवला आणि पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "किती उशीर करतं बे तेज्या. चाल, डावीकडं घे."

संघमित्रा स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने तोंडावर पदर दाबला.

त्यानंतर दर रविवार तसाच जाऊ लागला. पडदा सुरू असेपर्यंत लोकेश लोकेश असायचा. गल्ल्या, दारं, कोण कुठे राहतो, सगळं त्याला पाठ. तो हसायचा, शिव्या द्यायचा, ओसवाल काकाची नक्कल करायचा. तेजरामकडे वळून मात्र बघायचा नाही. नजर समोर, आवाज बाजूला. शेवटच्या दरवाज्याशी आले की दरवेळी म्हणायचा, "नको बे. फिरू अजून." मग तेजराम मशीन बंद करायचा. पडदा काळा व्हायचा, लोकेश वळून बघायचा आणि म्हणायचा, "झालं काय भाऊ दुरुस्त? चाय घेऊन जा."

आठवड्यातली ती एक सकाळ पदरात पडली, तिच्यावर तेजराम खूश होता. संघमित्रा नव्हती, आणि तिचं चुकतही नव्हतं. नवऱ्याचं हसू तिला दाराच्या चौकटीतून ऐकावं लागत होतं. त्या खेळात तेज्या होता, काका होता, पिंकी होती. ती कुठेच नव्हती. त्या शहरात शिरायला तिला वाटच नव्हती.

आणि मग चौथा भाग आला.

वर्षभर आधीपासून त्याचा गाजावाजा चालला होता. तेजरामने त्याला दुकानात बसून महिनोन्महिने शिव्या घातल्या होत्या. "मुळाकडं वापस येऊन राह्यलो म्हन्ते. अबे, मूळ तुमीच उपटलं ना!" पण समीक्षाने आपल्या मोबाइलवर त्याची जाहिरात आईला दाखवली, आणि संघमित्रा दुपारच्या उन्हात थेट दुकानात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, त्या नव्या खेळात तेच शहर हाय म्हन्ते. वीस वर्षांनंतरचं. खरं काय?"

"हौ वैनी. पण..."

"ते पिंकी मोठी झाली, असं दाखवलं हाय."

"दाखवलं असन. पण ते बेकार राह्यते, वैनी. पुढचे भाग नाई खेळाव. काही चांगलं निंगत नाई त्यातून. मी सांगतो ना तुमाले, पंचवीस साल झाले मी..."

"आमचा तं दुसराच भाग चालू हाय, भाऊजी," संघमित्रा म्हणाली. "मी का करू? नाई खेळू?"

 नथ्थू चहा घेऊन आला होता, तो दारातूनच परत फिरला.

तिचं म्हणणं साधं होतं. लोकेशला कितीही सांगा की वीस वर्षं गेली, त्याला ते पटत नाही, आणि पटलं तरी राहत नाही. पण ज्या गावात तो अजून राहतो आहे, त्या गावातलीच वीस वर्षं गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली तर? पिंकी एवढीची एवढी झाली असं दिसलं, तर कदाचित समीक्षाही कळेल. कदाचित तो मान वळवून बघेल आणि विचारेल, तेज्या, ही कोण? तेव्हा सांगता येईल. "एक डाव पाहू," ती म्हणाली. "मले त्यानं ताई म्हटलेलं आता ऐकवत नाई."

तेजराम रात्रभर कूस बदलत राहिला. खरं सांगायचं तर त्यालाही तेच हवं होतं. लोकेशने एकदा तरी मान वळवून त्याच्या टकलाकडे बघून हसावं, एवढंच. आणि समजा नाही जमलं, तर? तर काय बिघडलं! जुना आहेच की. पुढच्या रविवारी पुन्हा जुना लावू. या एका विचाराने त्याला धीर आला. आयुष्यभर खेळलेल्या माणसाचा हा धीर. पुढे जाऊन बघायचं, हरलो तर जपून ठेवलेल्या डावावर परत यायचं. तिथे काही गेलेलं नसतं, कुणी मेलेलं नसतं.

रविवारी त्याने दुकानातलं सगळ्यात चांगलं मशीन नेलं. जुनं तसंच बाजूला राहू दिलं. संघमित्राने समीक्षाला वेणी घालून, चांगला ड्रेस घालून जवळ बसवलं. स्वतः लग्नातल्या फोटोतली निळी साडी नेसली होती. तेजरामने पाहिलं आणि नजर वळवली.

नवा कंदीलवाला लागला. तेच शहर, तोच तट, पण आता इतका खरा की दगडावरचं शेवाळ दिसावं. लोकेश पुढे झुकला.

"हे तं आपलंच हाय बे!"

"हौ. आपलंच."

"चाल, चाल. विहिरीकडं घे."

तेजराम चालू लागला. जमिनीवर एक सोनेरी रेघ उमटली, जायचं कुठे ते दाखवायला. लोकेशला ती आवडली नाही. "हे काय? कोणी सांडलं?" म्हणाला. पण गल्ल्या त्याने ओळखल्या. इथे भाकरीवाला होता, इथे तो लंगडा शिपाई.  खेळ चांगला होता. तेजरामला हे कबूल करावं लागलं. कुणीतरी पहिला भाग मनापासून खेळून मगच हा बनवला होता.

विहिरीशी एक बाई कंदील लावत होती. उंच, केसांत पांढऱ्या बटा. ती वळली, आणि तिच्या गालावर तोच तीळ होता.

"पिंकी?" लोकेश म्हणाला. "पिंकी हाय हे?"

"हौ लोक्या. मोठी झाली."

"इतकी कशी मोठी झाली?" तो हसला, पण हसू अर्ध्यातच थांबलं. "काका कुठं हाय मंग?"

पिंकी पडद्यावर काहीतरी बोलली आणि बाजूला झाली. विहिरीमागे, जिथे भिंतीतलं दार होतं, तिथे एक दगड रोवला होता. दगडावर म्हाताऱ्याचं नाव आणि वर एक विझलेला कंदील.

 लोकेश दगडाकडे बघत होता.

"आपण तं दरवाजा उघडलाच नाई," तो हळू आवाजात म्हणाला. "उघडला काय आपण?"

"नाई."

"मंग काका मेला कसा?"

पंचवीस वर्षांच्या मतांच्या साठ्यातून तेजरामला या प्रश्नाचं उत्तर सापडेना. पुढचा भाग कुणाला विचारत नाही, हे तो हजार वेळा बोलला होता. ते लोकेशला सांगायची त्याची छाती झाली नाही.

"दिवस गेले, लोक्या. लय दिवस गेले."

मग लोकेशने मान वळवली. इतक्या रविवारांत पहिल्यांदा, पडदा सुरू असताना. त्याने तेजरामचं टक्कल पाहिलं, पोट पाहिलं, चष्मा पाहिला. हात पुढे करून त्याच्या गालाला बोटं लावली.

"तेज्या. तू बुढा झाला बे."

"हौ," तेजराम म्हणाला आणि रडू लागला. संघमित्रा उठून उभी राहिली.  आठवलं, आठवलं, असं तिच्या तोंडून निघालं. ती पुढे झाली, समीक्षाला पुढे केलं. "अहो, हे पाहा. हे आपली समीक्षा. अन् मी..."

पण लोकेश तिच्याकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता, उलटे करून, सुलटे करून. मग त्याने पुन्हा त्या दगडाकडे पाहिलं.

"माय?" त्याने विचारलं.

 "उद्या येते" म्हणायला हवं होतं. संघमित्राने तोंड उघडलं, पण शब्द आले नाहीत, आणि तेजरामने मान खाली घातली. लोकेश सगळं समजला. त्याने आरडाओरडा केला नाही. माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि बसल्या जागी पुढे-मागे डोलू लागला, लहान मूल झोपेला आल्यावर डोलतं तसा. संघमित्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने वर पाहून, डोळे भरलेले असतानाही, अदबीने विचारलं, "ताई, आपण कोण?"

तिने सांगितलं. लग्न, मुलगी, घर. तो ऐकत राहिला. "बरं," म्हणाला. परक्या माणसाचं दुःख ऐकून म्हणावं तसं. मग बाजेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

सोमवारी तो सगळं विसरला होता. संघमित्राने फोन करून सांगितलं, तेव्हा तेजरामला हलकं वाटलं. हात दाखवून अवलक्षण झालं खरं, पण पुसलं तरी गेलं. जुना आहेच. रविवारी तो लवकरच गेला. जुनं मशीन लावलं, खुर्च्या ओढल्या, पडद्यावर तेच जुनं, ठोकळ्या ठोकळ्यांचं शहर उमटलं. विहीर, कंदील, चालता-बोलता ओसवाल काका.

लोकेश दाराशी आला, पडदा पाहिला आणि मागे सरकला.

"ये ना लोक्या. काका उभा हाय, पाह्य."

"नाई भाऊ. मले नाई पाह्यजे."

"काहून?"

"मालूम नाई." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते का भरले हे त्यालाच उमगत नव्हतं. "तिकडं पाह्यलं का छातीत कसंतरी होऊन राह्यलं. बंद करा ना भाऊ ते."

तेजरामने त्याचा हात धरून माउसवर ठेवला. तापलेल्या तव्याला लागल्यासारखा लोकेशने तो ओढून घेतला. पुढच्या रविवारीही तेच. त्यापुढच्याही. कधी आवाज बंद करून पाहिलं, कधी खेळाची सुरुवातच लावली, कधी संघमित्राने स्वतः कीबोर्डपुढे बसून बोलावलं. दगड, पिंकी, माय, यातलं काहीच त्याच्या डोक्यात राहिलं नव्हतं. त्या सकाळचं नुसतं दुःख राहिलं होतं, कुठलंही कारण न सांगता, आणि ते बरोबर त्या पडद्याच्या चौकटीत जाऊन बसलं होतं. डॉक्टरांना फोन केला. असं होतं कधीकधी, म्हणाले.

एक गोष्ट संघमित्राने बऱ्याच दिवसांनी सांगितली. तो आता "माय आली काय" असं विचारत नव्हता. एकदाही नाही. सकाळी उठून बाजेवर बसायचा आणि दाराकडे बघायचा. "पह्यले निदान वाट तं पाह्यत होता, भाऊजी," ती म्हणाली. "रोज मले त्याले एक गोड खोटं सांगता येत होतं. आता मी काय सांगू?" ती तेजरामला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुकानात नथ्थूने राहवेना म्हणून विचारलंच. "भाऊ, तो चौथा कसा निंगाला, सांगलंच नाई तुमी."

"चांगला हाय," तेजराम म्हणाला.

नथ्थू पुढच्या वाक्याची वाट बघत किटली हातात धरून उभा राहिला. तेजरामने चष्मा खाली ओढला आणि कुणाचा तरी लॅपटॉप उघडायला घेतला. पह्यला तं राह्यतेच ना आपल्यापाशी, हे वाक्य त्यानंतर त्या दुकानात कुणी ऐकलं नाही.

शेवटी संघमित्राच म्हणाली, ते मशीन घेऊन जा, तो त्या खोलीत पाऊल टाकत नाही. तेजराम गेला. वायरी गुंडाळल्या, जाडा मॉनिटर छातीशी धरून उचलला. लोकेश अदबीने दार उघडून उभा राहिला, पायात पायरी येते आहे ते सांगितलं आणि ऑटोपर्यंत बरोबर आला.

"भाऊ, तुमी बजारात बसता ना?"

"हौ."

"तिकडं एक पोऱ्या दिसन तुमाले. तेजराम. दुबळा हाय, लंबे लंबे केस. त्याले सांगजा, लोक्यानं बलावलं. लय दिवस झाले, आलाच नाई." मग तो जरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "तो हाय ना भाऊ, का तो बी..."

मॉनिटर जड होता. तेजरामने तो हातातल्या हातात सावरला.

"हाय," तो म्हणाला. "उद्या येते म्हन्ला."

लोकेशने मान डोलवली नाही. तो थोडा वेळ तेजरामच्या तोंडाकडे बघत राहिला, मग वळून घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.